आत जाणारी घडी

टॉकीजचा डोअरकीपर तिकीट हातात घेतो, टर्रकन फाडतो आणि अर्धं परत देतो, एवढ्याशा गोष्टीवरून भांडण होऊ शकतं हे मी आमच्या प्रेसमधल्या मामांमुळे पाहिलं. दसऱ्याला मशीनची पूजा झाल्यावर आमच्या मालकांनी अख्ख्या प्रेसला पिक्चर दाखवला होता. आम्ही रांगेत होतो. डोअरकीपरनं मामांचं तिकीट घेतलं आणि त्यांनी त्याचं मनगटच धरलं.

"थांबा. आधी घडी घाला."

"ऑं?"

"टाके मारलेत ना त्याला? मग टाक्यावर आधी घडी घाला. फुडं एकदा, मागं एकदा. मंग फाडा."

मागून लोक ओरडायला लागले. मामांनी शांतपणे तिकीट परत घेतलं, टिपक्यांवर दुमडलं, उलट दुमडलं, अंगठ्याचं नख फिरवलं आणि दोन तुकडे वेगळे केले. एक त्याच्या हातात ठेवला. "हे तुमचं तुमाला, हे माझं मला. कुनाचं कुनात जायला नगं." मग पूर्ण पिक्चरभर ते आपल्या तुकड्याची कड चाचपत बसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा होता? तर म्हणाले, "टाके लय खोल हायत. हात लागला की सुटतंय."

परफोरेशनला, म्हणजे कागद सरळ फाटावा म्हणून मारलेल्या बारीक भोकांच्या रेघेला, ते टाके म्हणत. हा शब्द त्यांचाच, दुसऱ्या कुठल्या प्रेसमध्ये मी तो ऐकला नाही. परभणीत स्टेशनच्या बाजूला आमचा प्रेस होता. पुढे मालकांचं टेबल, मग छपाईचं मशीन, आणि सगळ्यात मागे, पत्र्याखाली, मामांची बाइंडिंगची जागा. तिथं पायानं दाबायचं परफोरेशनचं जुनं मशीन, एक लाकडी पाट, बांबूची गुळगुळीत झालेली पट्टी आणि एक पत्र्याची पेटी. वीस वर्षं ते तिथंच. प्रेसमधले सगळे त्यांना मामा म्हणायचे. मालक सोडून. मालक त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण त्यांना नावानं हाक मारायचे, आणि अरेतुरेत.

मामांचं सगळं आयुष्यच घडीचं होतं. खांद्यावरचा टॉवेल तीन पदरी. पेपर वाचायचे तो सोळा घड्या घालून, एका वेळी हाताएवढाच तुकडा, तो संपला की पुढची घडी. भाकरी रद्दी कागदात बांधून आणायचे, जेवण झालं की तो कागद पट्टीनं सरळ करून, जुन्याच घड्यांवर मिटून खिशात, तो आठवडाभर पुरायचा. नवा कागद आला की त्याचा कोपरा फाडून जिभेवर ठेवायचे आणि तो कुणीकडे वळतो ते डोळे बारीक करून बघायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस कामातून गेला. पण कागदाला उभी आणि आडवी बाजू असते, एका बाजूनं घडी सरळ बसते आणि दुसऱ्या बाजूनं फुटते, आणि ओला केला की तो आपण होऊन सांगतो. माणसांचंही ते तसंच ठरवायचे. "त्यो आडव्या घडीचा हाय," असं कुणाबद्दल म्हणाले की समजायचं, त्याच्याशी यांचं जमणार नाही.

मी त्या प्रेसमध्ये आले ती कॉम्प्युटरवर. औरंगाबादला मावशीकडे राहून सहा महिन्यांचा कोर्स केला होता. मालकांनी जिल्ह्यात फार कुणाकडे नव्हता तेव्हा कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला बाई पाहिजे म्हणून मला ठेवली. मी पिंगळीची. आमची जमीन आहे, घरात मुलींनी नोकरी केलेली नव्हती, वडिलांनी "वर्षभर बघू" एवढंच म्हटलं होतं. रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. वय बावीस. डोक्यात हवा बरीच.

कॉम्प्युटरसाठी मालकांनी एक खोली केली होती. काचेचं दार, आत एसी. चपला बाहेर. उन्हाळ्यात सगळ्यांना त्या खोलीत काही ना काही काम निघायचं. मशीनमन शाईचा हात घेऊन गार वाऱ्याला येऊन उभा राहायचा, पोस्टमन यायचा, मालकांची मुलं यायची. मामा मात्र कधी आत आले नाहीत. काही विचारायचं असलं की चपला काढून काचेबाहेर उभे राहायचे. दार वाजवायचे नाहीत. माझं लक्ष गेलं की मी उठून बाहेर जायची. घरी मी याची नक्कल करून दाखवायची. आमचे मामा म्हणजे ना, चपला काढतात आणि बाहेरच उभे राहतात. सगळे हसायचे. मीही हसायची. आज ते आठवलं की स्वतःचीच शरम वाटते. तो माणूस ताडकळसकडच्या एका गावातला होता, गावाबाहेरच्या वस्तीतला. अशा किती उंबरठ्यांबाहेर त्यांचा जन्म गेला असेल हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी त्याच जिल्ह्यात वाढले होते.

आमचं पहिलं भांडण पोखर्णीच्या यात्रेच्या पत्रकावरून झालं. तीन घड्यांचं पत्रक होतं. मी पडद्यावर कागदाचे सरळ तीन सारखे भाग केले, आणि जिथं घडी पडायची तिथं कागदाच्या कडेला, कापून जाणाऱ्या भागात, बारीक रेघा घातल्या. हातानं पट्टी धरून हे करायला पूर्वी अर्धा तास लागायचा, मला मिनिट लागलं. त्या रेघांचं मला फार कौतुक होतं. छापून गठ्ठा मागे गेला आणि थोड्या वेळानं मामा काचेबाहेर दिसले. हातात पत्रक.

"ताई, ह्याची घडी हुत न्हाई."

"का? तिन्ही भाग बरोबर सारखे आहेत. कॉम्प्युटरनं केलेत."

"तेच म्हणायलोय. सारके हायत म्हणून हुत न्हाई."

त्यांनी तिथंच उकिडवं बसून पत्रक दुमडलं. आत जाणारा भाग घडीच्या तोंडाशी अडकला, फुगला, आणि त्याची कड चुरगळली.

"हिशोब बराबर हाय तुमचा. पन कागदाला जाडी हाय का न्हाई? जी बाजू आत जायाची ती जरा कमी ठिवा लागती. दोन-तीन मिलिमीटर. आत जायाचं त्यानं जरा अंग चोरूनच जावा लागतंय."

"किती कमी?"

"बाकीच्या दोन शंभर ठिवा, आतली सत्त्याण्णव."

मी मोजलं. बरोबर बसलं. मग जरा ताठ्यातच म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वेळी. त्यांनी पत्रक उलटं केलं. "अन् पाठीवर निशाणी उलटी येती, बरं का ताई. फुडून जी डावीकडं हाय ती मागून उजवीकडं. फुडची तशीच मागं ठिवली का घोटाळा." ते पत्रक त्यांनी पुन्हा छापू दिलं नाही. सगळ्याच्या सगळ्या प्रती त्यांनी आतली बाजू पट्टी धरून तीन मिलिमीटर कापून, मग दुमडल्या. मालकांना कळलंही नाही. नुसतं एवढंच कळलं की काम उशिरा झालं, आणि त्यावरून मालक त्यांच्यावर ओरडले. "तुझं डोकं चालवू नको. बाईंनी निशाणी दिली की ती बघायची आणि काम उरकायचं." मामा म्हणाले, "बरं मालक."

त्यानंतर दोन-अडीच वर्षं मी त्यांच्याकडून शिकले, हे मी कुणापाशी कबूल करत नव्हते एवढंच. पावतीपुस्तकाला टाके किती जवळ पाहिजेत, जाड कार्डाला किती लांब. ते डोळे मिटून एखादी पावती फाडायचे आणि आवाजावरून सांगायचे, मशीनचा एक दात बोथट झालाय. मी त्यांच्यासाठी पडद्यावर टिपक्यांची रेघ वेगवेगळ्या जाडीची करून छापून द्यायची, आणि ते त्यातली एक निवडायचे, जशी बायका साडीची किनार निवडतात. "ही बगा. ही डोळ्याला बी दिसती अन् त्रास बी देत न्हाई." जेवणाच्या सुट्टीत मी मागे पत्र्याखाली जाऊन बसायला लागले. चहा आला की ते आपला ॲल्युमिनियमचा गिलास पुढे करायचे, घरून आणलेला. प्रेसचे कप त्यांनी कधी घेतले नाहीत. कुणी घ्या म्हटल्याचंही मला आठवत नाही.

विद्यापीठाला नवं नाव मिळालं त्या जानेवारीनंतरची गोष्ट. गावातल्या एका कॉलेजचं आमच्याकडे नेहमीचं काम असायचं. त्या वर्षी परीक्षेची हॉलतिकिटं आमच्याकडे आली. मोठा भाग विद्यार्थ्याजवळ राहायचा, त्यावर नाव, नंबर, फोटो. उजवीकडे छोटा भाग, तो परीक्षेच्या हॉलमध्ये सरांनी फाडून घ्यायचा. मजकुराच्या वर विद्यापीठाचं नवं नाव. मी जुना नमुना शोधत होते, तर मामांनी पत्र्याची पेटी उघडली. त्या पेटीत त्यांनी टाके मारलेल्या प्रत्येक कामाचा एकेक तुकडा ठेवलेला असायचा. सगळ्यात खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक हॉलतिकीट होतं, पिवळं पडलेलं. एका मुलीचा फोटो. दोन्ही भाग एकत्रच. टाके जसेच्या तसे.

"मामा, हे फाडलेलंच नाही?"

"लेकीचं हाय." त्यांनी ते परत पिशवीत सरकवलं. "अठ्ठ्याहत्तरचं. ह्याच नावापायी गावात आमची घरं जाळली तवाचं. तवर मी कामाला गावातनं ये-जा करायचो, मंग आमी समदेच हितं परभणीला येऊन पडलो. कॉलेजच्या पैल्या वर्साची परीक्षा व्हती तिची. बाकीच्या पोरी गेल्त्या. ती बी कपडे करून तयार व्हती. मीच दारात आडवा झालो. म्हणलं, रस्त्यात काय झालं म्हंजे? न्हाई जाऊ दिलं. अन् त्या दिवशी काईच झालं न्हाई ताई. सगळ्या पोरी पेपर देऊन घरला आल्या."

"मग नंतर?"

"नंतर काय. उन्हाळ्यात लगीन लावून दिलं. पंधरा वर्सं झाली, एका शबदानं बोलली न्हाई ती मला त्याच्याबद्दल. बोलली असती तर बरं झालं असतं."

मग त्यांनी तोंडभर हसून मला सांगितलं, तसं हसताना मी त्यांना एरवी कधी पाहिलं नाही. लेकीनं पुन्हा फॉर्म भरला होता. बहिःस्थ म्हणून, याच कॉलेजमधून, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा. दोन मुलं शाळेत जाणारी, आणि ही आता परीक्षेला बसणार. ह्या हॉलतिकिटांतलं एक तिचं असणार होतं.

त्या कामापायी मामांनी मला वेडं करून सोडलं. माझ्या पहिल्या मांडणीत विद्यापीठाचं नाव कार्डाच्या पूर्ण रुंदीवर होतं, म्हणजे टिपक्यांची रेघ नावामधून जात होती. ते काचेबाहेर उभे. "ताई, नावामधून फाडायचं नगं. नाव सगळं पोरांच्या बाजूला घ्या." घेतलं. परत उभे. "अक्षर अजून थोडं मोठं हुतं का?" केलं. परत. "रेघ अजून एक सूत सरकवा." मालक म्हणाले, पुढून कार्ड स्वच्छ पाहिजे, टिपके दिसायला नकोत, निशाणी फक्त मागे ठेवा. मी वैतागून सगळं पुन्हा मांडलं. पुढची टिपक्यांची रेघ उचलली आणि मागच्या पानावर ठेवली. जशीच्या तशी.

पुढून जी डावीकडे ती मागून उजवीकडे. मला ते माहीत होतं. मला ते त्यांनीच शिकवलं होतं.

हजारो कार्डं छापून गठ्ठे मागे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मामा काचेबाहेर येऊन उभे राहिले. चपला काढलेल्या, हातात एक कार्ड. मी पाहिलं. एका लग्नपत्रिकेत अडकले होते आणि आदल्या दिवसाचा राग डोक्यात होता. मनात म्हटलं, आता काय यांचं नवीन खुसपट. मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तर उभेच. अर्ध्या तासानं, उभेच. एकदा त्यांनी कार्ड काचेला लावून धरलं आणि मग आपलं ते चुकीचं वाटल्यासारखं लगेच खाली घेतलं. सगळं मिळून तासभर झाला असेल. मी बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं. हे मी सगळ्यांना सांगत नाही, पण ते तसंच आहे.

मग मालकांचा आवाज ऐकू आला. "इथं काय उभा राहिलास? काम थांबलंय."

"मालक, निशाणीचं एकदा ताईला इचारायचं व्हतं."

"बाई शिकलेली आहे. तिनं दिलीय ना निशाणी? मग मार. उद्या कॉलेजला द्यायचीत."

"पन मालक..."

"मार म्हटलं ना."

दार बंद होतं, पण शब्द न् शब्द ऐकू आला. मामा चपला घालून मागे गेले. थोड्या वेळानं परफोरेशनच्या मशीनचा खटका सुरू झाला, आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत चालू राहिला.

दोन दिवसांनी कॉलेजचा कारकून सगळे गठ्ठे घेऊन परत आला. टाके विद्यार्थ्याच्या भागावर पडले होते, फोटोच्या चौकटीवरून, आणि वर विद्यापीठाच्या नावामधून. सगळ्या कार्डांवर, एकाच जागी, अगदी सरळ, एकही वेडंवाकडं नाही. मालक लालबुंद झाले. सगळ्यांना पुढे बोलावलं. मी कार्ड उलटं केलं. चूक कुणाची हे मला त्याच क्षणी कळलं.

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. पण माझ्याआधी मामा बोलले.

"चूक माझी हाय मालक. निशाणी बघताना कार्ड उलटं धरलं मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मालक त्यांना जे बोलले ते मी लिहीत नाही. शेवटी म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. वीस वर्षं तिथं राबलेल्या माणसाला. आणि मी उभी होते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. वडील म्हणतील, बस झाली नोकरी. मालक म्हणतील, मुलीला कुणी ठेवायला सांगितलं होतं. एवढंच माझ्या डोक्यात. मी एक शब्द बोलले नाही.

मामा म्हणाले, "एक इनंती हाय. हे काम दुसऱ्यानं केलं तर परत बिघडंल. नवी छापा, त्येला टाके मारून मंग जातो."

मालकांना दुसरा इलाज नव्हता. फाईल उघडून मागची रेघ उजवीकडून डावीकडे न्यायला मला दोन मिनिटं लागली. कॉम्प्युटरचा हाच तर गुण, चूक झाली होती याची कुठं खूणसुद्धा राहत नाही.

नवे गठ्ठे आले त्या दुपारी मी मागे गेले. मामा मशीनवर होते. मी म्हटलं, "मामा, ती रेघ..."

"ताई, जरा कागद सारके करून द्या. कडा जुळवून."

"मामा, माझं ऐका ना."

"तुमी आत्ता कुठं लागलाव. माझं काय, झालंच." पाय दाबत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "ह्यातलं कोन्तं तरी एक तिचं असंल. कोन्तं ते काय ठावं न्हाई. म्हणून सगळीच नीट पायजेत." मी कडा जुळवून देत राहिले. ते एकेक गठ्ठा उचलायचे, पुढून बघायचे, मागून बघायचे आणि मशीनवर ठेवायचे. संध्याकाळी त्यांनी मशीनला तेल दिलं, ते पुसलं, गिलास आणि पेटी उचलली आणि गेले. बांबूची पट्टी तिथंच पाटावर राहिली. विसरली की ठेवली, मला माहीत नाही.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मामा गेले. तापाचं निमित्त झालं. ताडकळसच्या आठवडी बाजाराला गेलेल्या आमच्या मशीनमनला कुणीतरी सांगितलं, त्यानं मला सांगितलं, तोवर पंधरा दिवस उलटले होते. मी त्या दिवशी पिंगळीला उतरायच्या ऐवजी मामांच्या गावाच्या दिशेनं पुढे गेले आणि अर्ध्यातूनच परत आले. आईला म्हटलं, झोप लागली.

मग एका दुपारी काचेबाहेर एक बाई दिसली. पस्तिशीची असेल. सुती साडी, हातात कापडी पिशवी. चपला काढलेल्या, आणि उभी. कशी उभी होती ते बघूनच मी ओळखलं. धावत जाऊन दार उघडलं. "आत या ना. या, आत या."

ती आत येऊन खुर्चीच्या कडेला बसली. वडिलांच्या पुण्यानुमोदनाचं, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचं, कार्ड छापायचं होतं. मजकूर वहीच्या कागदावर लिहून आणलेला, सुंदर अक्षर. मी विचारलं, परीक्षा? म्हणाली, "झाली. पास झाले. दर पेपरला बाबा फाटकाशी बसून राहायचे. शेवटचा पेपर झाला तवा माझं हॉलतिकीट घेतलं, जिथून फाडलं त्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाले, नीट सुटलं."

मी मजकूर टाइप करायला घेतला. मामांच्या नावापर्यंत आले. "नावापुढं काय लिहू? बाइंडर?"

तिनं मान हलवली. "नगं. नुसतं नाव टाका." मग खाली बघत म्हणाली, "तुमाला लय तरास झाला म्हणं त्यांच्यापायी. सांगितलं आमाला त्यांनी. म्हातारपणी डोळ्यानं दगा दिला, कार्ड उलटं धरलं. पंधरा वर्सांनी लेकीचं तिकीट हातात आलं अन् त्येच नासवलं, असं म्हणायचे. तुमी मनात ठिवू नका, ताई. त्यांच्या वतीनं मी माफी मागते."

त्यांनी घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं. मरेपर्यंत. ज्या लेकीपाशी आधीच एक गुन्हा होता, तिच्यापाशी त्यांनी माझाही आपल्या अंगावर घेतला होता.

मी ती जुनी फाईल उघडली. आता तीत रेघ बरोबर होती. मी ती उचलून पुन्हा चुकीच्या जागी नेली आणि पडदा तिच्याकडे वळवला. "हे असं होतं. हे मी केलं होतं. त्यांची चूक नव्हती. त्यांनी मी दिलेल्या निशाणीवर टाके मारले."

तिनं पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"बाबाला ठावं व्हतं?"

"हो. त्यांच्या लगेच लक्षात आलं होतं. कार्ड घेऊन ते मला सांगायला आले होते. या दाराबाहेर तासभर उभे होते."

"मंग आत कामून आले न्हाईत?"

खूप उत्तरं होती, पण खरं एकच होतं.

"मी बोलावलं नाही," मी म्हटलं. "दोन-अडीच वर्षांत एकदाही नाही."

तिनं खुर्ची मागे सरकवली. पिशवी उचलली, उठली, बाहेर जाऊन चपला घातल्या. मला वाटलं, गेली. कार्डसुद्धा आता दुसरीकडे छापेल. पण ती काचेपाशी वळली आणि दार स्वतःच्या हातानं ढकलून, चपलांसकट आत आली. थेट माझ्या टेबलापाशी.

"त्यांच्या नावाफुडं बाइंडर लिवा," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिवा."

मी लिहिलं. कार्ड तीन घड्यांचं होतं. शंभर, शंभर, सत्त्याण्णव. मागच्या पानावरच्या निशाण्या उलटून घातल्या, आणि छापून आल्यावर सगळी कार्डं मीच मागे पत्र्याखाली बसून, मामांच्या पट्टीनं दुमडली.